नालबंद आणि छावणी : मराठा घोडदळातील खुराच्या शुश्रूषेचा प्रश्न

कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीच्या मुक्कामी लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था सांगताना एक लहानसा तपशील येऊन जातो. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा एक हजारी, ही उतरंड इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते. परंतु याच ठिकाणी सभासद असेही सांगतो की, दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असावा. पखालजीचे प्रयोजन उघड आहे; घोडा पाण्यावाचून एक दिवसही काढू शकत नाही. नालबंदाला मात्र त्याच ओळीत, त्याच प्रमाणात का बसविले असावे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. नाल ठोकावयाची म्हणून नालबंद, एवढ्यावर अभ्यासकाचे समाधान होते. ते तितकेसे पुरेसे नाही.

पंचवीस घोड्यांचे खूर शंभर. सवयीचा कारागीर दिवसाकाठी दोन-तीन घोडे तासून, नाल ठोकून सहज मोकळा करतो. नाल दीड-दोन महिन्यांनी बदलावी लागते असे धरले, तर पंचवीस घोड्यांचे काम दहा-बारा दिवसांत आटोपते आणि उरलेला महिनाभर नालबंद मोकळा राहतो. मुक्कामावर भाता पेटवून नाला व खिळे घडविणे, वाटेत पडलेली नाल तातडीने बसविणे, ही कामे यात मिळवली तरी हिशेब पुरा होत नाही. दक्षिणेतील काटकसरी राज्यव्यवस्थेने एवढा माणूस एवढ्या थोड्या घोड्यांमागे दिला, त्याअर्थी त्याच्याकडून नाल ठोकण्यापलीकडचे काही काम अपेक्षित असले पाहिजे. ते काम म्हणजे दुखावलेल्या खुराची शुश्रूषा होय.

या शुश्रूषेचे स्वरूप कळण्यासाठी खुराची रचना थोडी समजावून घेणे अवश्य आहे. घोड्याचा खूर म्हणजे मनुष्याच्या नखासारखीच, पण पायाचे टोक सर्व बाजूंनी कवटाळणारी शिंगाची पेटी. बाहेरची भिंत व खालचा तळवा निर्जीव असतात. त्यांच्या आत रक्ताने भरलेला, अतिशय नाजूक असा सजीव थर असतो. मराठीत यालाच जिव्हाळी म्हणतात. भिंत आणि तळवा जेथे जुळतात तेथे एक फिकट रेषा दिसते. ही रेषा खुराची सर्वांत दुबळी जागा. खडा टोचून, काटा मोडून, तळव्याला ठेच लागून किंवा नालेचा खिळा वाकडा जाऊन या रेषेतून घाण आत शिरली की जिव्हाळीपाशी पू धरतो. अंगावरच्या गळवाला फुगावयास जागा असते. खुरातल्या पुवाला ती नसते. शिंगाची पेटी तसूभरही मागे सरत नाही. त्यामुळे काल धावणारा घोडा आज पाय जमिनीस टेकवीत नाही, इतका ठणका लागतो की पाहणाऱ्याला हाड मोडले असेच वाटावे. तळव्यातून वाट काढून दिली नाही तर पू जिकडे विरोध कमी तिकडे, म्हणजे भिंतीच्या आतल्या अंगाने वर चढत जातो आणि खुराच्या वरच्या कडेला, जेथे केस संपून शिंग सुरू होते तेथे, फुटून बाहेर पडतो.

येथपर्यंतचा उपचार सर्व देशांत आणि सर्व काळांत जवळजवळ एकच राहिला आहे. दुखणारी जागा चिमट्याने दाबून शोधावी, तळवा त्या ठिकाणी बेताने कोरावा, पुवाला वाट करून द्यावी, कोंड्याचे किंवा जवसाचे गरम पोटीस बांधावे. पू निघाला की ठणका एकाएकी थांबतो. कित्येकदा त्याच दिवशी घोडा पाय टेकवू लागतो. आणि खरा धोका येथूनच सुरू होतो. वेदना संपली म्हणजे दुखणे संपले असे येथे नसते. पुवाने जेवढ्या भागात शिंग जिव्हाळीपासून सुटे केले असेल, तेवढा भाग पुन्हा कधी चिकटत नाही. त्याच्याखाली नवे शिंग धरावे लागते आणि जुने हळूहळू खाली सरकून तासले जावे लागते. तोपर्यंत तळव्यातील छिद्र कोरडे व स्वच्छ ठेवणे, त्यात चिखल व शेण जाऊ न देणे, कापड किंवा चामडे लावून त्याला आच्छादन देणे, सुटे झालेले शिंग वेळोवेळी काढणे आणि नाल बसविणे झाल्यास दुखऱ्या बाजूला खिळा न मारणे, ही सारी कामे करावी लागतात. ती वैद्याची कमी व रोज पाय उचलून पाहणाऱ्या माणसाची जास्त आहेत.

काळाचे मापही येथेच लक्षात घेतले पाहिजे. घोड्याचे शिंग महिन्याला सुमारे ६ ते १० मिलिमीटर वाढते. खुराच्या पुढच्या टोकाची उंची ७-८ सेंटिमीटर. तेथे वरच्या कडेला पडलेले भोक जमिनीपर्यंत उतरून नाहीसे व्हावयास नऊ महिने ते वर्ष लागते. टाचेकडील भिंत पुष्कळ आखूड असल्याने तेथे हेच काम चार ते सहा महिन्यांत उरकते. कोणतेही औषध हा वेग फारसा वाढवू शकत नाही. घोडदळाच्या दृष्टीने खुरातील गळू हे घोडा मारणारे दुखणे नव्हे. ते वेळ खाणारे दुखणे आहे. रणात पडलेला घोडा मोजला जातो. छावणीत एक पाय उचलून उभा असलेला घोडा मोजदादीत असतो आणि लढाईत नसतो.

प्राचीन शास्त्रकारांस हे अवधान होते. कौटिल्याने अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात घोड्याच्या ठाणाचे वर्णन करताना घोड्याच्या लांबीइतकी चौरस जागा, गुळगुळीत फळ्यांची जमीन, खाण्याची पेटी आणि मूत्र व लीद निघून जाण्याची सोय सांगितली आहे. फळ्या आणि निचरा, म्हणजेच पाय कोरडे ठेवण्याची व्यवस्था. त्याच प्रकरणात उपचारातील हयगयीमुळे रोग बळावल्यास उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड सांगितला आहे. यावरून राज्याला घोड्याच्या दुखण्याची किंमत चांगली ठाऊक होती हे दिसते. ग्रीक लेखक झेनोफोन याने इ. स. पूर्व चौथ्या शतकात लिहिलेल्या अश्वविद्येवरील ग्रंथात ओल्या व गुळगुळीत जमिनीने चांगले खूरही बिघडतात असे बजावून, तबेल्याबाहेरच्या अंगणात गोल दगड पसरावेत म्हणजे खूर आपोआप कठीण होतात, असा सल्ला दिला आहे. कौटिल्य पाय कोरडे ठेवू पाहतो, झेनोफोन ते कोरडे ठेवून शिवाय घट्ट करू पाहतो. दोघांच्याही लिखाणात नाल नाही, कारण खिळ्यांनी ठोकावयाची लोखंडी नाल त्या जगाला अद्याप ठाऊक नव्हती.

शालिहोत्राच्या नावावर चालत आलेली परंपरा, जयदत्ताचे अश्ववैद्यक आणि नकुलाच्या नावावरील अश्वचिकित्सित हे संस्कृत ग्रंथ बिब्लिओथेका इंडिका मालेत १८८६-८७ मध्ये छापले गेल्यापासून अभ्यासकांस उपलब्ध आहेत. वराहमिहिरानेही उत्तम घोड्याच्या लक्षणांत चांगले खूर गणले आहेत. दख्खनशी या परंपरेचा संबंध दुहेरी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात मानसोल्लासात घोड्यांचा विचार केला, आणि बहमनी सुलतान अहमदशहा वली याच्यासाठी शालिहोत्राचे फार्सी भाषांतर झाले. घोड्याच्या वैद्याला दिलेले ‘सालोत्री’ हे नाव शालिहोत्राच्या नावापासूनच आलेले आहे. ‘नाल’ हा शब्द मात्र अरबी, आणि ‘नालबंद’ फार्सी. वैद्याचे नाव संस्कृत व कारागिराचे फार्सी, ही विभागणी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नाल ठोकण्याची कला कोणत्या वाटेने या देशी रुजली याचा तीत सरळ निर्देश आहे. सालोत्र्याजवळ ग्रंथ होता, नालबंदाजवळ हत्यारे होती. खुरातील गळू मात्र ग्रंथाने फुटत नाही. तळवा किती कोरावा, कोठे थांबावे, जिव्हाळी किती जवळ आली आहे, हे हातालाच कळते.

नालबंदाच्या कामातील एक विरोध येथे नोंदविला पाहिजे. जो माणूस गळू फोडतो, त्याच्याच हातून ते उत्पन्न होण्याचा संभवही मोठा असतो. खिळा केसभर आत गेला आणि जिव्हाळीला लागला की चार-आठ दिवसांत खूर पुवाळतो. जिव्हाळीला न टोचता नुसती जवळून दाबणारी खिळ्याची ठोक अधिक फसवी. तिने दुखणे उशिरा दिसते आणि दोष कोणाचा हे ठरत नाही. म्हणून नाल जितकी वरचेवर, तितका हा धोका अधिक. अबुल फजलाने आईन-इ-अकबरीत शाही तबेल्यातील घोड्यांना वर्षातून दोनदा नाल बसवीत, आणि चारही पायांच्या नालबंदीस पूर्वी आठ दाम मिळत ते पुढे दहा करण्यात आले, असे नोंदविले आहे. सहा महिन्यांत शिंग चार-पाच सेंटिमीटर वाढते. तेवढा काळ एकच नाल एका खुरावर टिकणे शक्य नाही. तेव्हा नाल गळून पडल्यावर घोडे काही काळ अनवाणी राहत असले पाहिजेत, किंवा हा आकडा केवळ सरकारी मंजुरीचा असला पाहिजे. यांतील पहिला पक्ष खरा मानल्यास खुराला खिळ्यांपासून सक्तीची विश्रांती मिळत होती असे म्हणता येते. सरकारी काटकसरीचे असे अनपेक्षित लाभ इतिहासात क्वचित दिसतात.

आता छावणीकडे वळावे. सभासदाच्या कथनाप्रमाणे लष्कराने आठ महिने परमुलखात राहावे, वैशाखात परतून पावसाळ्याच्या छावणीस यावे, आणि दसरा होताच पुन्हा कूच करावे. छावणीत दाणा, रतीब व औषधे यांचा साठा तयार असावा, घोड्यांसाठी व माणसांसाठी घरे गवताने शाकारून ठेवलेली असावीत. या व्यवस्थेची कारणे म्हणून नद्यांचे पूर, चिखल, वैरणीची टंचाई आणि शेतीचा हंगाम ही सांगितली जातात, आणि ती खरीही आहेत. परंतु वैशाख ते आश्विन शुद्ध दशमी हा सुमारे पाच महिन्यांचा काळ खुराच्या मोजपट्टीवर ठेवून पाहावा. पाच महिन्यांत ३० ते ५० मिलिमीटर शिंग वाढते. मोहिमेच्या अखेरीस टाचेकडे किंवा मागच्या बगलेस फुटलेला खूर दसऱ्यापर्यंत पुरता नवा होऊ शकतो. पुढच्या टोकाचा घाव भिंतीच्या निम्म्याहून अधिक खाली आलेला असतो आणि जपून वापरल्यास घोडा चालू शकतो. म्हणजे दख्खनच्या काळ्या दगडावर आठ महिने झिजलेल्या, ठेचाळलेल्या खुरांना पुन्हा उभे राहावयास जेवढा अवकाश लागतो, जवळजवळ तेवढाच छावणीचा अवकाश होता. सभासदाने हे कारण सांगितलेले नाही आणि कोणी खूर मोजून छावणीचा काळ ठरविला असेही नव्हे. पावसाने ठरविलेल्या काळाचा उपयोग घोडदळाने या कामी करून घेतला, एवढेच म्हणावयाचे. आणि ‘औषधे’ या एका शब्दाचा व नालबंदाच्या नेमणुकीचा अर्थ या दृष्टीने अधिक भरीव होतो.

याला एक गंभीर आक्षेप आहे. पावसाळा हाच खुराचा शत्रू. वैशाखाच्या उन्हाने सुकून भेगाळलेले शिंग मृगाच्या पाण्याने एकदम फुगते व मऊ पडते; फिकट रेषा उघडी पडते; शेण-मुताच्या चिखलात घाण आत शिरते. खुरातील गळवे पावसाच्या आरंभी अधिक होतात हा अनुभव आजही घोडे बाळगणाऱ्या कोणासही सांगता येईल. तेव्हा छावणीत जुने खूर बरे होत असतानाच नवे दुखावत असले पाहिजेत. या आक्षेपाचे उत्तर सभासदाच्याच शाकारलेल्या घरांत आहे. गवताचे छप्पर ही घोड्याच्या सुखाची गोष्ट नव्हे. पायाखालची जमीन कोरडी राहिली नाही तर छावणीचे पाच महिने हानिकारकच ठरणार. चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकुनांस शिवाजी महाराजांनी लिहिलेले प्रसिद्ध पत्र या प्रकाशात पुन्हा वाचावे. पावसाळ्यासाठी ठेवलेला दाणा व गवत आधीच उधळले तर पुढे घोडी मरतील, रयतेस उपद्रव होईल, आणि निष्काळजीपणे ठेवलेला विस्तव किंवा उंदराने पळविलेली दिव्याची वात गवताच्या गंजीस लागली तर सारी पागा जळेल, अशी त्यातील काळजी आहे. हे पत्र सामान्यतः रयतेविषयीच्या कळवळ्यासाठी उद्धृत केले जाते, आणि ते योग्यच आहे. पण कोकणच्या मुसळधार पावसात गवत हा घोड्याचा चारा, त्याच्या डोक्यावरचे छप्पर आणि त्याच्या पायाखालची कोरडी जागा, असे तिन्ही होते, हेही त्याबरोबर दिसले पाहिजे.

बारगीर आणि शिलेदार यांतील भेद या विषयात फार महत्त्वाचा ठरतो. बारगिराचा घोडा सरकारचा. तो लंगडला तर पागेने दुसरा द्यावयाचा. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा, बहुधा त्याची सर्वांत मोठी मालमत्ता. खूर पुवाळलेल्या घोड्यावर आणखी आठ दिवस मजल मारावी की त्याला मागे ठेवून मोहीम सोडावी, हा निर्णय बारगिराला एका प्रकारे घ्यावा लागे आणि शिलेदाराला अगदी दुसऱ्या प्रकारे. शिलेदाराला स्वारीपूर्वी जी आगाऊ रक्कम मिळे तिचे नावच ‘नालबंदी’ असे होते. शब्दशः ती नालेची मजुरी. व्यवहारात ती घोडा व स्वार सज्ज करण्यासाठी दिलेली उचल. मराठा कागदपत्रांत हा शब्द इतक्या वेळा येतो की वाचणाऱ्याला त्यातला खूर दिसेनासा होतो. जीन, लगाम, दाणा, हत्यार या खर्चाच्या अनेक बाबी असताना उचलीला नाव मिळाले ते नालेवरून. घोडा गमावण्याच्या भीतीने शिलेदार हात राखून लढतो, ही तक्रार पुढच्या काळात पुष्कळ ऐकू येते. तिच्यामागे भित्रेपणा शोधण्यापूर्वी एका खुराचे नऊ महिने हिशेबात धरावयास हवेत.

इ. स. १८०३ च्या युद्धात आर्थर वेल्स्लीने पावसाळ्यातच हालचाल केली. १२ ऑगस्टला अहमदनगर पडले आणि २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. भरलेल्या नद्या मराठा घोडदळाची गती अडवितात हे त्याने हेरले होते आणि स्वतःच्या सैन्यासाठी नावांची तजवीज केली होती. त्याच्या मनात खूर नव्हते, नद्या होत्या. तथापि छावणीचे महिने हिसकावून घेतल्याने शत्रूच्या घोडदळाचा हा विश्रांतीचा क्रम आपोआपच मोडला.

इंग्रजी अमलात पशुवैद्यकाला नवे वळण लागले, आणि त्याचा आरंभ योगायोगाने नालेच्याच अभ्यासकापासून होतो. विल्यम मूरक्रॉफ्ट हा लिआँ येथील पशुवैद्यक विद्यालयात शिकलेला इंग्रज. नाल ठोकण्याच्या निरनिराळ्या पद्धतींवर त्याने १८०० मध्ये पुस्तक लिहिले. यंत्राने नाला घडविण्याच्या उद्योगात पैसा घालविला. आणि १८०८ मध्ये कंपनीच्या पुसा येथील अश्वपैदास केंद्राचा अधिकारी म्हणून तो हिंदुस्थानात आला. पुण्यास १८६२ मध्ये लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली, मुंबईस १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. लष्कराच्या भाषेत देशी पशुवैद्याला सालोत्री हेच नाव पुढे चालू राहिले. १८१७ च्या तहानंतर उभ्या राहिलेल्या पूना हॉर्ससारख्या पलटणींत शिलेदारी पद्धतही पहिल्या महायुद्धापर्यंत टिकली. नव्या शास्त्राने गळू फोडण्याच्या रीतीत मूलभूत बदल केला नाही. त्याने एका जुन्या भीतीचे कारण मात्र दाखवून दिले. खुराचा घाव बरा होत आल्यावर घोडा एकाएकी ताठरतो, जबडा मिटतो आणि मरतो. हा धनुर्वात नालबंदाला ठाऊक होता, पण त्याचा उगम ठाऊक नव्हता. १८८४ मध्ये निकोलायर याने मातीतील जंतूशी त्याचा संबंध दाखविला, १८८९ मध्ये कितासातो याने तो जंतू वेगळा वाढविला, १८९० मध्ये बेरिंग व कितासातो यांनी प्रतिविषाचे तत्त्व मांडले, आणि त्याच दशकात फ्रान्समध्ये नोकार याने घोड्यांना प्रतिविष टोचून रोग टाळता येतो हे सिद्ध केले. घोड्याच्या लिदीत हा जंतू स्वाभाविकपणेच असतो. म्हणजे तबेल्याची जमीन स्वच्छ व कोरडी असावी, छिद्रात शेण जाऊ नये, हा कौटिल्यापासून छावणीपर्यंत पाळलेला नियम केवळ शिंगासाठी नव्हता, जिवासाठीही होता.

घोडदळे गेली, पण नालबंदाचा धंदा महाराष्ट्रातून गेला नाही. बैलांच्या पायाला पत्री मारणारे कारागीर बाजाराच्या दिवशी अजूनही दिसतात, आणि साखर कारखान्यांच्या हंगामात डांबरी रस्त्यावर ऊस ओढणाऱ्या बैलांना त्यांची गरज लागते. बैल दोरखंडाने आडवा पाडून त्याचे चारी पाय एकत्र बांधले जातात. नालबंद आधी अंगठ्याने तळवा दाबून पाहतो. बैलाने पाय आखडला तर त्या नखीला त्या दिवशी खिळा लागत नाही.